एका वाक्याचा पाठलाग

मुलांनो, समजा एखाद्या ज्ञानकोशात तुम्हाला एक वाक्य लिहायची संधी मिळाली. एकच वाक्य, पण ते उद्या नागपूरची एखादी मुलगी वाचेल, कोल्हापूरचा एखादा मुलगा वाचेल, दुबईत राहणारे कुणाचे तरी मामा वाचतील. काय लिहाल तुम्ही? आणि लिहिलेलं वाक्य खरं आहे, हे त्यांना कशावरून पटवाल?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, नाही का? माझ्या पुतणीला गेल्या उन्हाळ्यात तोच प्रश्न पडला. उत्तराच्या शोधात ती निघाली, तिच्यामागोमाग आम्ही घरचे सगळे निघालो, आणि बघता बघता ५५ कोटी वर्षं मागे जाऊन पोचलो. त्या प्रवासाचीच ही गोष्ट.

मिसरोद कुठे आहे, माहीत आहे?

नकाशात भोपाळ शोधा. तिथून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बोट ठेवा आणि हळूहळू खाली या. राणी कमलापती स्टेशन गेलं की पुढे लागतं मिसरोद. त्यानंतर मंडीदीप, मग ओबेदुल्लागंज. मिसरोद पूर्वी भोपाळच्या बाहेरचं गाव होतं. आता शहर वाढत वाढत त्याच्या दारात आलं आहे. होशंगाबाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या उभ्या राहिल्या आहेत.

भोपाळमध्ये मराठी घरं बरीच आहेत. मिसरोदला राहणाऱ्या माझ्या भावाचं घर त्यातलंच एक. पुतणी आठवीत आहे. शाळेत तिचं हिंदी आणि इंग्रजी चालतं, घरात आजीआजोबांशी मराठी. सुट्टीत तिने ठरवलं की आपल्या परिसरातल्या एखाद्या जागेबद्दल मराठी विकिपीडियावर लिहायचं. जागाही निवडली: भीमबेटका. मिसरोदहून गाडीने तासाभरात पोचता येतं. विंध्याच्या डोंगरात प्रचंड खडक आहेत, त्यांच्या आडोशाला शेकडो गुहा आहेत आणि गुहांच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रं आहेत. हत्ती, हरणं, रेडे, नाचणारी माणसं, शिकारी. २००३ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

"काका, मी लिहिलं तर ते खरंच सगळ्यांना दिसेल?" तिने विचारलं.

"लगेच दिसेल."

"आणि कुणी मोठं माणूस आधी तपासणार नाही?"

"आधी नाही. नंतर मात्र कुणीही तपासेल."

ती जरा गप्प झाली. मला ते आवडलं. आपलं लिहिलेलं कुणीही तपासू शकतं हे कळल्यावर जो थोडा थांबतो, तो चांगलं लिहितो.

ज्ञानकोश लिहितं तरी कोण?

आपल्या मराठीत ज्ञानकोशांची परंपरा मोठी आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तयार केला. त्याचे २३ खंड आहेत. त्यासाठी लेखक जमवायचे, पैसे उभे करायचे, छपाई करायची, खंड गावोगावी विकायचे, असा सगळा डोलारा केतकरांनी सांभाळला. म्हणून लोक त्यांना आजही ज्ञानकोशकार केतकर म्हणतात. पुढे साताऱ्याजवळच्या वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली 'मराठी विश्वकोश' सुरू झाला. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. या विश्वकोशातल्या नोंदी त्या त्या विषयाचे जाणकार लिहितात, संपादक तपासतात आणि मगच त्या छापल्या जातात. आता हा विश्वकोश ऑनलाइनही वाचता येतो.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला, तो एका वेगळ्याच कल्पनेवर. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी इंग्रजीत सुरू केलेल्या या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारू शकतं. पैसे कुणालाच मिळत नाहीत. जाहिराती नाहीत. आज तो ३०० हून अधिक भाषांमध्ये आहे. मराठी विकिपीडिया सुरू झाला २००३ साली, तोही १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी.

छापील खंडात आणि या ज्ञानकोशात एक फरक तर मिसरोदच्या मुलांना चटकन कळतो. मिसरोदच्या आधी लागणाऱ्या स्टेशनाचं नाव पूर्वी हबीबगंज होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते राणी कमलापती झालं. पुढे होशंगाबाद शहराचं नाव नर्मदापुरम झालं. छापलेल्या पुस्तकात जुनंच नाव राहतं, नवी आवृत्ती निघेपर्यंत. ऑनलाइन ज्ञानकोशात मात्र कुणीतरी त्याच दिवशी बसतं आणि बदल करतं. हे "कुणीतरी" म्हणजे तुमच्याआमच्यासारखंच माणूस, बरं का!

धूळपाटीवर पहिली अक्षरं

मराठी विकिपीडियावर सरावासाठी एक पान मिळतं. त्याला 'धूळपाटी' म्हणतात. तिथे हवं ते लिहा, खोडा, परत लिहा. मुख्य लेखाला धक्काही लागत नाही. पुतणीने खातं उघडलं. खातं उघडताना खरं नाव, शाळेचं नाव, फोन नंबर असलं काहीही द्यायचं नाही, हे वहिनीने आधीच बजावलं होतं. टोपणनाव घेतलं की झालं.

मग धूळपाटीवर तिने लिहिलं: 'भीमबेटका ही जगातली सर्वांत सुंदर आणि अद्भुत जागा आहे.'

आजोबा म्हणाले, "वा!"

आजी म्हणाली, "हे तुला वाटतं. पण बाळा, जगातल्या सगळ्या जागा कुठे बघितल्या आहेत तू?"

आजीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ज्ञानकोशात 'सुंदर', 'अद्भुत', 'महान' असे शब्द चालत नाहीत. कारण ते मोजता येत नाहीत आणि तपासताही येत नाहीत. किती गुहा, कुठल्या रंगांची चित्रं, कुठले प्राणी, कुणी शोधलं, कधी शोधलं, हे लिहायचं. मग वाचणारा स्वतःच म्हणतो, "बापरे, काय अद्भुत आहे!"

तिने वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. या वेळी विषय होता शोध कुणी लावला हा. ती गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे.

डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर हे उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ. मराठी माणूस, जन्म १९१९ सालचा, मध्य प्रदेशातल्या नीमचचा. चित्रकारही होते. १९५७ साली ते रेल्वेने भोपाळकडे येत होते. खिडकीतून बाहेर बघता बघता त्यांना डोंगरावरचे खडक दिसले. फ्रान्स आणि स्पेनमध्ये चित्रगुहा असलेले जसे खडक त्यांनी पाहिले होते, अगदी तसे! वाकणकर मग त्या डोंगरात गेले, आणि खरोखरच तिथे चित्रांनी भरलेल्या गुहा निघाल्या. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवलं.

पुतणीने नकाशा उघडला आणि ओरडलीच, "काका, म्हणजे ती गाडी आपल्या मिसरोदवरून गेली!" खरंच की. भीमबेटक्याकडून भोपाळला येणारा तो लोहमार्ग मिसरोदमधूनच जातो.

तिने लिहिलं: 'या गुहांचा शोध डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ साली लावला.' लिहून झाल्यावर तिला शंका आली. तोपर्यंत कुणालाच या जागेची काही माहिती नव्हती? शोधल्यावर कळलं की १८८८ साली विल्यम किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक लोकांकडून ऐकून भीमबेटक्याचा उल्लेख केला होता. त्याला सांगण्यात आलं होतं की ही बौद्धांची जागा आहे. म्हणजे डोंगर ठाऊक होता, नावही ठाऊक होतं. पण ही आदिमानवाच्या चित्रांची जागा आहे हे जगाला कळलं ते वाकणकरांमुळे. मग वाक्य बदललं. आधीपेक्षा लांबलं, पण आधीपेक्षा खरं झालं.

"पण मी स्वतः पाहिलंय!"

आता आजोबांची पाळी. ते म्हणाले, "लिही, भीमबेटक्याच्या खडकांवर मधमाश्यांची मोठमोठी पोळी असतात. मी स्वतः पाहिली आहेत."

पुतणीने नियम वाचले होते. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. पण संदर्भ काय देऊ?"

आजोबांना वाईट वाटलं असेल का? नाही वाटलं. ते निवृत्त इंजिनिअर. पुरावा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको. ते म्हणाले, "बरोबर. नागपूरची मुलगी माझ्याकडे येऊन मला विचारू शकत नाही. तिला उघडून बघता येईल असं पुस्तक हवं, किंवा मासिक."

हीच या ज्ञानकोशाची सगळ्यात महत्त्वाची अट आहे. लिहिणारा कोण आहे, त्याचं वय किती, पदवी कोणती, हे तिथे कुणी बघत नाही. वाक्यामागे प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार आहे का, एवढंच बघतात. आधार नसेल तर वाक्यापुढे छोट्या अक्षरांत लिहून ठेवतात, 'संदर्भ हवा'. आठवीतल्या मुलीला आणि प्राध्यापकांना नियम एकच. म्हणून तर आठवीतली मुलगीसुद्धा तिथे लिहू शकते.

तेव्हा मधमाश्यांसाठी आधार शोधायला पुतणी बसली. आणि तिथेच तिच्या हाती एक भन्नाट गोष्ट लागली.

गुहेच्या छतावरचा पाहुणा

आधी तिला सापडली २०२१ सालची बातमी. भीमबेटक्यात पृथ्वीवरच्या अगदी सुरुवातीच्या प्राण्यांपैकी एकाचा जीवाश्म सापडला! प्राण्याचं नाव डिकिनसोनिया.

आता हा डिकिनसोनिया म्हणजे काय? १९४६ साली ऑस्ट्रेलियात रेग स्प्रिग नावाच्या भूशास्त्रज्ञाला एडियाकारा नावाच्या टेकड्यांमध्ये विचित्र ठसे दिसले. चपटा, लांबट गोल आकार, मधोमध एक रेघ आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना ओळीने वळ्या, जणू टाके घातलेली गोधडीच. तोंड नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. काही ठसे नखाएवढे, तर काही मीटरभर लांब. हा जीव सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी राहत होता. डायनोसॉर यायला तेव्हा अजून ३० कोटी वर्षं बाकी होती! तो प्राणी होता, की शैवाल, की आणखी काही, यावर शास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडत होते. मग २०१८ साली रशियातल्या श्वेत समुद्राच्या काठच्या एका जीवाश्मात कोलेस्टेरॉलचे रेणू सापडले. कोलेस्टेरॉल हे प्राण्यांचं लक्षण. म्हणजे हा प्राणीच, असं म्हणायला भक्कम आधार मिळाला.

असा हा पाहुणा भीमबेटक्यात दिसला, असं बातमी सांगत होती. तिथे एक ऐसपैस गुहा आहे, तिला सभागृह गुहा म्हणतात. तिच्या छतावर, जमिनीपासून सुमारे ११ फुटांवर, ४० सेंटिमीटरहून मोठा, मधोमध रेघ असलेला एक ठसा होता. मार्च २०२० मध्ये तिथे गेलेल्या भूशास्त्रज्ञांच्या नजरेला तो पडला. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर लेख लिहिला. तो 'गोंडवाना रिसर्च' या शास्त्रीय मासिकात छापून आला.

पुतणीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. वर्तमानपत्रातली बातमी होती, शास्त्रीय मासिकातला लेख होता, आणखी काय हवं? तिने धूळपाटीवर लिहून टाकलं: 'भीमबेटका येथे डिकिनसोनिया या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला आहे.'

पण बाईसाहेब निघाल्या होत्या मधमाश्या शोधायला. त्यामुळे शोध थांबला नव्हता. तिने 'भीमबेटका' आणि 'मधमाशी' हे दोन शब्द इंग्रजीत एकत्र टाकून शोधलं.

आणि समोर काय आलं असेल?

आग्यामोहोळ!

समोर आला २०२३ सालचा लेख. त्याच 'गोंडवाना रिसर्च' मासिकातला. लिहिणारे होते फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी.

मीर्ट यांना २०२१ च्या त्या लेखाने कोड्यात टाकलं होतं. ते विंध्य डोंगरांच्या खडकांचं वय शोधण्याचं काम बरीच वर्षं करत होते. खडकाचं वय कसं मोजतात, ठाऊक आहे? वाळूच्या कणांत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक सापडतात. त्यांच्यात थोडं युरेनियम असतं आणि ते अगदी सावकाश शिशात बदलत जातं. इतकं सावकाश, की आज असलेल्या युरेनियममधलं निम्मं शिशात बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. स्फटिकात युरेनियम किती आणि शिसं किती हे मोजलं की तो किती जुना ते कळतं. अशा अभ्यासातून मीर्ट यांचं मत झालं होतं की हे खडक १०० कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. आणि डिकिनसोनिया तर ५५ कोटी वर्षांपूर्वीचा! खडक बनताना तो प्राणी जन्मलाच नव्हता, मग खडकात त्याचा ठसा आला कुठून? एक तर खडकाचं वय चुकलं होतं किंवा ठसा दुसऱ्याच कशाचा तरी होता.

यावर उपाय एकच. जाऊन बघायचं. डिसेंबर २०२२ मध्ये मीर्ट आणि सहकारी सभागृह गुहेत पोचले, वर पाहिलं, आणि चकित झाले. ठसा चक्क सुटत चालला होता! खडकात रुतलेला जीवाश्म असा सोलून निघत नाही. जवळून पाहिल्यावर त्यांना त्यात मेणासारखा पदार्थ दिसला आणि पोळ्यातल्या घरांची ठेवण दिसली. आसपासच्या खडकांवर आग्या मधमाश्यांची पोळी होतीच.

आग्या मधमाश्या आपलं पोळं उघड्यावर बांधतात. उंच झाडाची फांदी किंवा पुढे आलेला खडक त्यांना आवडतो. एकच मोठं पोळं, खाली लोंबणारं. ऋतू बदलला की सगळी वसाहत उडून दुसरीकडे जाते. पोळं मागे राहतं, हळूहळू झडतं आणि खडकाला चिकटलेला भाग तेवढा उरतो. लांबट गोल, मधोमध रेघ असलेला!

म्हणजे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा तो पाहुणा होता अलीकडचं एक आग्यामोहोळ.

आता यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. रिटॅलॅक यांनी काय केलं? वाद घातला? रुसून बसले? नाही. नवा पुरावा पाहून त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं की हे पोळंच आहे. विज्ञान पुढे जातं ते असंच. कुणीतरी बघतं, लिहितं, छापतं. दुसरं कुणीतरी परत जाऊन बघतं. आणि जे दिसेल ते दोघंही मान्य करतात.

आणखी एक गंमत सांगू? भीमबेटक्याच्या चित्रांमध्ये मध गोळा करणाऱ्या माणसांची चित्रंही आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांना या खडकांवर पोळी असतात हे पक्कं ठाऊक होतं. आजोबांनी हे ऐकलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

एका शब्दाचं वजन

पुतणीने जीवाश्माचं वाक्य खोडलं का? नाही. तिने दोन्ही गोष्टी लिहिल्या. २०२१ साली काय वाटलं, २०२३ साली काय कळलं, आणि दोन्हींमागे संदर्भ. मग धूळपाटीवरचा मजकूर मुख्य लेखात नेला. 'बदलांचा आढावा' नावाच्या छोट्या रकान्यात काय केलं ते एका ओळीत लिहिलं आणि बटण दाबलं.

प्रत्येक लेखाच्या वर 'इतिहास पहा' असं लिहिलेलं असतं. तिथे लेखाचा पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल साठवलेला असतो. कुणी केला, किती वाजता केला, काय घातलं, काय काढलं, सगळं. दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवूनही बघता येतात. संगणक दोन्ही मजकूर ताडून पाहतो आणि जिथे फरक आहे तिथे रंग देतो. कुणी खोडसाळपणा केला तर जुनी आवृत्ती परत आणायला एक क्षण पुरतो. म्हणूनच 'कुणीही लिहा' असं म्हणायची हिंमत या ज्ञानकोशाला होते.

त्या इतिहासात पुतणीला एक कोडं दिसलं. एका ठिकाणी तिने फक्त एक शब्द वाढवला होता: 'मधमाशी'. आणि त्यापुढे आकडा होता +१८. हा अठरा आकडा आला कुठून?

तुम्हीही विचार करा. शब्द फोडून बघा. म, ध, म, काना, श, वेलांटी. झाले सहा. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. म्हणून जगातल्या सगळ्या लिप्यांमधल्या चिन्हांना युनिकोड नावाच्या पद्धतीत एकेक आकडा ठरवून दिला आहे. आपल्या 'क' चा आकडा २३२५, 'म' चा २३५०. काना आणि वेलांटी यांनाही स्वतःचे वेगळे आकडे. देवनागरीतलं असं प्रत्येक चिन्ह साठवायला संगणकाला ३ बाइट जागा लागते. सहा चिन्हं गुणिले तीन, अठरा! इंग्रजी अक्षराला मात्र एकच बाइट पुरतो.

आता तुमचं स्वतःचं नाव फोडून बघा. किती बाइट भरतात? जोडाक्षर असेल तर पाय मोडण्याचं चिन्हही मोजायला विसरू नका.

मग यावर विश्वास ठेवायचा का?

दोन दिवसांनी पुतणीने लेख परत उघडला. अनोळखी कुणीतरी तिच्या मजकुरात हात घातला होता. एक लांबलचक वाक्य तोडून दोन केली होती, ऱ्हस्वदीर्घ सुधारलं होतं आणि 'आश्चर्यकारक' हा शब्द काढून टाकला होता. आधी तिला राग आला. मग तिने दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या. नवं वाक्य जास्त स्वच्छ होतं. तिने लेखाच्या 'चर्चा' पानावर जाऊन आभार मानले आणि विचारलं, आणखी काय सुधारता येईल? ज्यांना ती कधी भेटलेली नाही, ज्यांचं वय, गाव, काम तिला माहीत नाही, अशा माणसाबरोबर मिळून तिने एक परिच्छेद लिहिला होता.

पण सगळेच असे असतात का? नाही. काहीजण मुद्दाम खोटं लिहितात. इंग्रजी विकिपीडियावर तर असला खोडसाळपणा ओळखून तो लगेच परतवणारा एक संगणकी पहारेकरी आहे, क्लूबॉट एनजी नावाचा. जुन्या उदाहरणांवरून तो शिकत असतो. तरी त्याला सगळं कळत नाही. खरं वाटणारं खोटं ओळखायला माणूसच लागतो.

काहीजणांचा हेतू चांगला असतो, पण ते घाई करतात. २०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक उपक्रम झाला होता. शेकडो विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून विकिपीडियावर लेख लिहायचे होते. पण पुष्कळ मजकूर पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उतरवलेला निघाला. तो शोधून काढता काढता जगभरचे संपादक दमले आणि उपक्रम त्याच वर्षी थांबला. दुसऱ्याची वाक्यं उचलणं हे त्याच्या मेहनतीवर हक्क सांगणं असतं. वाचा, समजून घ्या, पुस्तक बंद करा आणि मग आपल्या शब्दांत लिहा. माहिती कुठे मिळाली तेही सांगा.

२००५ साली 'नेचर' या प्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकाने एक तपासणी केली होती. विज्ञानावरचे ४२ लेख घेतले. त्याच विषयांवरचे ब्रिटानिका या नामवंत ज्ञानकोशातले लेख आणि विकिपीडियातले लेख तज्ज्ञांना दाखवले. कुठला लेख कुठला हे सांगितलं नाही. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. पण एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली: चुका दोन्हीकडे असतात.

म्हणून ज्ञानकोश वाचताना डोळे झाकून विश्वास ठेवू नका आणि सगळंच खोटं म्हणून सोडूनही देऊ नका. वाक्याच्या शेवटी छोटा आकडा असतो, त्यावर टिचकी मारा. संदर्भ उघडा. तो कधीचा आहे ते बघा. त्यानंतर नवं काही आलं आहे का ते शोधा. पुतणी बातमीपाशी थांबली असती, तर खोटा जीवाश्म लेखात जाऊन बसला असता, तोही संदर्भासकट. ती आणखी एक पाऊल पुढे गेली म्हणून आग्यामोहोळ सापडलं.

आता तुमची पाळी

मराठी विकिपीडियावरच्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे, तर इंग्रजीवर सत्तर लाखांच्या आसपास. आपल्या भाषेत अजून केवढं लिहायचं राहिलं आहे बघा! तुमच्या गावचा तलाव, किल्ला, जत्रा, तिथले पक्षी, तिथून वाहणारी नदी. हे तुमच्याइतकं जवळून कोण बघतं? तेव्हा मोठ्या माणसांना बरोबर घ्या आणि असं करून बघा.

आपल्या गावाबद्दलचा किंवा तालुक्याबद्दलचा लेख उघडा. 'इतिहास पहा' वर जाऊन तो कधी सुरू झाला आणि शेवटचा बदल कधी झाला ते वहीत टिपा. मग लेखातलं असं एक वाक्य शोधा, ज्याच्यामागे संदर्भच नाही. ते खरं आहे का, हे कुठे कळेल याचा विचार करा. गावचं वाचनालय, जिल्ह्याचं गॅझेटिअर, मराठी विश्वकोश, शाळेतलं जुनं पुस्तक. ग्रंथपालांना विचारायला लाजू नका. त्यांना असे प्रश्न फार आवडतात.

संदर्भ सापडला की धूळपाटीवर सराव करा. वाक्य छोटं ठेवा. पुस्तकाचं नाव, लेखक, साल, पान हे सगळं नीट टिपून घ्या. फोटो घालायचा असेल तर स्वतः काढलेलाच घाला, आणि त्यात कुणाचा चेहरा नको. स्वतःबद्दल किंवा आपल्या मित्राबद्दल लेख लिहायचा नाही, हेही लक्षात ठेवा. कुणी तुमचं वाक्य बदललं तर चर्चा पानावर जाऊन शांतपणे विचारा.

आजीआजोबांनी काही सांगितलं आणि त्याला छापील आधार मिळाला नाही, तर ते टाकून देऊ नका. तारीख घालून वहीत लिहून ठेवा. उद्या तुमच्यापैकीच कुणी मोठं होऊन त्यावर पुस्तक लिहील आणि मग तो संदर्भ दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

तुम्ही कुठलं वाक्य निवडलं, त्याचा आधार कुठे मिळाला आणि तो शोधताना वाटेत आणखी काय काय सापडलं, हे आम्हाला नक्की लिहून पाठवा. वाट बघतो आहोत.